गानकोकिळा हिराबाई बडोदेकर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीची ओळख करून देण्याची पद्धत आहे. आजवर जिजामाता झाल्या, सावित्रीबाई झाल्या, पंडिता रमाबाई आणि डॉ. आनंदीबाई जोशीही झाल्या. यंदा हे काम माझ्याकडे आले आणि मी हिराबाई बडोदेकरांचे नाव सुचवले, तेव्हा आमच्यातल्या एकदोन भगिनींनी जरा नाक मुरडले. गाणारी बाई थोर असते, पण ती देवीसारखी थोर असते का, असा त्यांचा सूर होता. हा सूर ऐकला आणि मी ठरवले की लिहीन तर हिराबाईंवरच. कारण बाईमाणसाने चारचौघांत बसून गावे की नाही, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात त्या माउलीचे सारे आयुष्य गेले.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. गाण्यातले शास्त्र मला कळत नाही. पण आमच्या आत्येसासूबाईंकडे जुना फोनो होता आणि हिराबाईंच्या चारपाच तबकड्या होत्या. पारनाक्याच्या घरात दुपारची झाकपाक झाली की त्या फोनोला किल्ली देत. बाहेर केळीच्या वाडीत पाणी सोडलेले असे आणि आत तो आवाज चाले. तेव्हापासून हे नाव माझ्या मनात बसले. नंतर वाचनालयातून मिळेल ते आणून वाचले. त्यातून जे समजले ते सांगते.

हिराबाईंचा जन्म मे १९०५ मध्ये मिरजेला झाला. त्यांचे पाळण्यातले नाव चंपाकली. पुढे सारे त्यांना चंपूताईच म्हणत. वडील म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा हे उत्तरेकडचे गाव, तिथले हे मोठे गवई. त्यांच्यामुळेच किराणा घराण्याचे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले. ते तरुणपणी बडोद्याच्या दरबारी गायक होते. तेथे सरदार मारुतराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. माने घराणे राजघराण्याच्या नात्यातले. मुलगी सरदाराची, गुरू मुसलमान गवई, आणि दोघांचे मन जडले. बडोद्यात राहणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले, लग्न केले आणि मुंबई, मिरज, पुणे असा संसार मांडला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आजही अशा लग्नाने घरात काय वादळ होते ते आपण पाहतो, मग तेव्हा काय झाले असेल ते सांगायला नको.

या दोघांना पाच मुले झाली. त्यांची घरातली पहिली नावे वेगळी होती, पण जगाने त्यांना ओळखले ते सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई या नावांनी. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते. शिष्य तेथेच राहत, तेथेच जेवत. आता मैत्रिणींनो, शिष्य घरात राहतात असे पुस्तकात एका ओळीत लिहून होते. पण त्या ओळीच्या मागे चूल असते आणि चुलीपुढे एक बाई बसलेली असते. खाँसाहेबांच्या चरित्रात हे कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

पुढे १९२० च्या अलीकडेपलीकडे ताराबाईंनी पतीचे घर सोडले आणि पाचही मुलांना घेऊन त्या वेगळ्या झाल्या. यात दोष कोणाचा हे ठरवायला आपण कोण? खाँसाहेब देवमाणूस होते असे त्यांचे शिष्य सांगत, आणि त्यांचे गाणे ज्याने ऐकले आहे त्याला ते खरेच वाटेल. पण पाच मुले पदरात घेऊन, माहेरचे दार बंद असताना, एक बाई घराबाहेर पडते तेव्हा ती काही हौसेने पडत नाही. ताराबाईंनी मुलांना माने हे आपले माहेरचे आडनाव दिले. हिराबाईंनी बडोदेकर हे नाव लावले. ज्या गावातून आईला निघून जावे लागले, त्याच गावाचे नाव मुलीने जन्मभर मिरवले. मला यातली ऐट फार आवडते.

पोट कशावर भरायचे, हा पुढचा प्रश्न. ताराबाईंकडे धन नव्हते, विद्या होती, आणि मुलांच्या गळ्यात बापाचा सूर होता. थोरले सुरेशबाबू वडिलांकडे शिकून तयार झाले होते. धाकट्या बहिणींना त्यांनी आपल्या हाताने शिकवले. हिराबाईंना मुख्य तालीम मिळाली ती उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची. हेही किराण्याचेच. त्यांना कानाने कमी ऐकू येई, म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. ज्याला कमी ऐकू येते त्याने सूर शिकवावा आणि तो इतका नेमका शिकवावा, हे देवाचे कौतुकच नाही का?

किराण्याचे गाणे कसे असते ते मला एका जाणत्या बाईंनी समजावून दिले, तेच माझ्या शब्दांत सांगते. काही घराण्यांत तानांचा पाऊस पडतो, लयीचे डाव चालतात. किराण्यात एकेक सूर हळूहळू, सावकाश लावत जातात. लोणी मोठ्या जाळावर कढवले तर करपते आणि मंद आचेवर कढवले तर त्याला रवा येतो, तसे हे आहे. आधी दोन तंबोरे अगदी नीट जुळले पाहिजेत. त्या तंबोऱ्यांतून निघालेला स्वर आणि गळ्यातून निघालेला स्वर यांत केसाचेही अंतर राहता कामा नये. हिराबाईंचा आवाज नाजूक होता, फार मोठा नव्हता. पण तो सुरावरून कधी ढळत नसे. म्हणून शास्त्र न कळणाऱ्या आमच्यासारख्यांनाही तो ऐकून समाधान होते.

१९२१ साली मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात संगीताची परिषद भरली होती. आपल्या वसईतल्या मुली आज प्रारंभिक आणि प्रवेशिका या ज्या परीक्षांना बसतात, त्यांचे मूळ याच पंडितजींच्या परंपरेत आहे. त्या परिषदेत सोळा वर्षांची हिराबाई मोठमोठ्या गवयांसमोर गायली. जाहीर सभेत गाण्याची ती सुरुवात.

हे त्या काळी केवढे धाडस होते ते कळायला आधीची रीत माहीत हवी. बायका तेव्हा गात नव्हत्या असे नाही. उलट मोठमोठ्या गायिका होत्या आणि खरी विद्या कित्येकदा त्यांनीच जतन केली होती. पण त्यांचे गाणे व्हायचे ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यात, लग्नामुंजीत, दरबारात. गाणाऱ्या बाईने उभे राहून, हातवारे करून, गाण्याचा भाव चेहऱ्यावर दाखवून गायचे. साथीदार तबला कमरेला बांधून मागे उभे. पुढे बसलेले पुरुष दौलतजादा करायचे, म्हणजे पैसे ठेवायचे आणि ते तिने जवळ जाऊन घ्यायचे. घरंदाज बायका या मैफलीला येतच नसत. फार तर पडद्याआडून ऐकत. पुरुष गवई मात्र गादीवर मांडी घालून बसून गाई आणि त्याला पंडित म्हणत. विद्या तीच, राग तोच, पण एकाला शालजोडी आणि दुसरीला नावे ठेवणे!

हिराबाईंनी काय केले? त्या बसल्या. एवढेच. पुरुष गवयासारख्या बैठकीवर तंबोरे घेऊन बसल्या, अंगभर पदर घेतला, हातवारे नाहीत, नखरा नाही, आणि ख्याल गायल्या. तिकीट लावून आपल्या गाण्याचा जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. तिकिटाचा अर्थ आपल्यासारख्यांनी नीट समजून घ्यावा. तिकीट काढून आलेला माणूस खुर्चीवर बसतो, गाणे ऐकतो आणि उठून घरी जातो. त्याला गाणारीवर कसलाही हक्क सांगता येत नाही. शिवाय तिकीट बायकांनाही काढता येते. हिराबाईंच्या गाण्याला नवऱ्याबरोबर, सासूबरोबर, मुलांना घेऊन बायका येऊ लागल्या. पडद्याआडचा कान पुढच्या रांगेत येऊन बसला.

एक गोष्ट मात्र मला बोलायची आहे. लोक हिराबाईंचे कौतुक करताना त्या किती सोज्वळ, किती साध्या, घरच्या बाईसारख्या दिसत हे आधी सांगतात आणि गाणे नंतर सांगतात. पुरुष गवयाच्या बाबतीत असे कोणी करते का? तो कसाही बसो, काहीही खावो पिवो, त्याच्या तानेची वाहवा आधी. बाईला मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पदर सांभाळून सूर लावावा लागला. हिराबाईंनी ते ओझे हसतमुखाने वाहिले. पण ओझे ते ओझेच.

आता नाटकाकडे येऊ. आपले संगीत नाटक म्हणजे आपला ऑपेरा, असे माझी मुलगी म्हणते. तिने मला एक गंमत दाखवली. जर्मनीत लोटे लेमान नावाची एक जगप्रसिद्ध ऑपेरा गायिका होऊन गेली. तिचा जन्म १८८८ सालचा. आणि आपले बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, तेही १८८८ सालचेच. एकाच साली जन्मलेले हे दोन जीव. तिकडे नायिकेचे गाणे बाई गात होती, आणि इकडे भामिनी, रुक्मिणी, सिंधू या साऱ्या नायिका लुगडे नेसलेला पुरुष गात होता. बालगंधर्वांची थोरवी कोण नाकारील? त्यांचे पाहून कुलीन बायका नेसायला आणि अंबाडा घालायला शिकल्या असे म्हणतात. पण बाई कशी चालते हे बायकांनी पुरुषाकडून शिकावे, कारण खऱ्या बाईला रंगभूमीवर पाऊल टाकायची चोरी! नुसत्या बायकांच्या म्हणून काही नाटक कंपन्या होत्या, पण स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र काम करणे म्हणजे बोभाटा.

ताराबाईंनी मुलांना घेऊन पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालवले होते. १९२९ च्या सुमारास त्याला नाट्यशाखा जोडली आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे सौभद्र रंगभूमीवर आणले. सुभद्रेचे काम हिराबाईंनी केले. सारी भावंडे कंपनीत होती. स्त्रियांची कामे स्त्रियांनी आणि पुरुषांची पुरुषांनी करायची, असे ठरवून चालणाऱ्या अगदी पहिल्या मराठी मंडळींपैकी ही एक. पुढे संशयकल्लोळ, विद्याहरण, पुण्यप्रभाव, युगांतर अशी नाटके त्यांनी केली. भाऊबहिणी एका रंगमंचावर आणि आई पाठीशी, अशी ती घरचीच कंपनी होती. त्यामुळे नावे ठेवणाऱ्यांचीही तोंडे जरा आवरली असतील.

पण वेळ वाईट होती. १९३१ साली आलमआरा हा बोलपट आला आणि १९३२ साली प्रभातचा अयोध्येचा राजा मराठीतून बोलू लागला. थोड्या आण्यांत पडद्यावर गाणे, बोलणे, देखावे, सारे मिळू लागल्यावर रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकाला कोण जाणार? मोठमोठ्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. प्रत्यक्ष बालगंधर्वांना कर्जाने घेरले. ताराबाईंच्या कंपनीचेही चारपाच वर्षांत तसेच झाले. पडदे, कपडे, माणसांचे पगार, प्रवास, बिऱ्हाडे यांचा खर्च कोणाला चुकत नाही. कंपनी बंद पडली आणि मागे कर्ज उरले.

भगिनींनो, हिराबाईंच्या आयुष्यातला माझ्या मते सर्वात मोठा प्रसंग हा आहे, आणि तो कुठल्याही रंगमंचावर घडला नाही. त्या कर्जाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. गावोगावी जलसे करून ते त्यांनी फेडले. आज इथे, उद्या तिथे, रेल्वेच्या डब्यात तंबोरे सांभाळत, रात्री गाणे आणि पहाटे पुढची गाडी. आपल्यातल्या ज्यांनी बचत गटाचे हप्ते भरले आहेत त्यांना कर्ज फेडणे म्हणजे काय ते कळेल. हप्त्याच्या दिवशी ताप असो, घरात दुखणे असो, गळा बसलेला असो, तारीख थांबत नाही. गळा हेच ज्यांचे भांडवल, त्यांना तो गळा जपायचाही आणि रोज वापरायचाही. बरे, एवढे करून गाण्यात कुठे घाई नाही, कडवटपणा नाही. आत्येसासूबाईंच्या तबकड्यांतला जो शांत सूर ऐकून मला वाटे की या बाईंना संसाराची काळजीच नसेल, तो सूर कुठल्या दिवसांतून चालत आला होता हे वाचले तेव्हा मी हातातले पुस्तक बाजूला ठेवले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

त्यांनी बोलपटांतही कामे केली. प्रतिभा हा १९३७ सालचा त्यांतला एक. पण त्यांचे मन तेथे रमले नाही असे दिसते. त्यांची जागा बैठकीवरच होती. त्याच १९३७ सालच्या ऑक्टोबरात अब्दुल करीम खाँसाहेब वारले. दक्षिणेत पाँडिचेरीकडे जाताना वाटेत एका लहान स्टेशनावर त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांना मिरजेस आणून ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. ज्या मिरजेत चंपाकली जन्मली त्याच मिरजेत तिचे वडील विसावले. बापलेकीचे संसार वेगळे झाले होते, पण हिराबाई गायला बसल्या की ऐकणारे खाँसाहेबांची आठवण काढीत. रक्ताचे आणि सुराचे नाते कोर्टकचेरीने किंवा आडनावाने तुटत नाही.

पुढचे सारे यशाचेच आहे, म्हणून भराभर सांगते. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हटले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा दिल्लीला वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना मिळाला. १९४९ मध्ये त्या पूर्व आफ्रिकेत जाऊन गायल्या, आणि १९५३ मध्ये भारताच्या कलावंतांच्या मंडळाबरोबर चीनला गेल्या. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण. आकाशवाणीने त्यांचे गाणे अशा घरांत नेले जिथल्या बायका तिकीट काढूनही कधी बाहेर पडल्या नसत्या. आमच्या आत्येसासूबाई त्यांतल्याच. वसईहून मुंबई ती काय लांब, पण त्यांना एकही मैफल प्रत्यक्ष ऐकायला मिळाली नाही. रेडिओवर हिराबाई असल्या की त्या निवडायचे तांदूळ घेऊन रेडिओपाशी बसत आणि गाणे संपेपर्यंत सूप तसेच मांडीवर राही.

या यशातच १९५३ साली सुरेशबाबू गेले. ते जन्मभर बहिणींच्या मागे उभे राहिले आणि स्वतःचे नाव मोठे व्हावे म्हणून त्यांनी खटपट केली नाही. असे भाऊ थोडे. बहिणींपैकी सरस्वतीबाई राणे यांचा आवाज १९४३ सालच्या रामराज्य चित्रपटात ज्यांनी ऐकला ते अजून विसरले नाहीत. हिराबाई आणि सरस्वतीबाई दोघी एकत्र बसून ख्याल गात. दोन बायकांची अशी जुगलबंदी पूर्वी कोणी ऐकली नव्हती. थोरली सूर लावी, धाकटी तो उचली, कोणी कोणावर मात करायला बघत नसे. जुगलबंदीत भांडण नसूनही ती रंगते, हे त्यांनी दाखवले. दोन जावा एका चुलीवर स्वयंपाक करताना असे झाले तर किती बरे!

त्यांच्या मागून आलेल्या मुलींना हिराबाईंनी दार मोकळे करून दिले. हुबळीच्या गंगूबाई हनगल त्यांना थोरल्या बहिणीच्या जागी मानीत. पुण्याच्या डॉ. प्रभा अत्रे आधी सुरेशबाबूंकडे आणि मग हिराबाईंकडे शिकल्या. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, संगीतात डॉक्टरेट मिळवली, पुस्तके लिहिली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत त्या गात होत्या. १३ जानेवारी २०२४ रोजी त्या गेल्या. प्रभाताईंना गाणे शिकू का म्हणून कोणाची परवानगी मागताना पडदा आडवा आला नाही, कारण तो पडदा आधीच कोणीतरी बाजूला सारून ठेवला होता.

मला स्वतःला लहानपणी गायला आवडे. शाळेत प्रार्थना मीच सांगे. एकदा गणेशोत्सवात भावगीत म्हणायला माझे नाव दिले गेले, तर घरच्या वडील मंडळींनी ते काढायला लावले. मुलगी स्टेजवर बसली की लग्नाला अडचण येते, एवढेच कारण. हे १९०० सालचे नव्हे, नव्वदीच्या दशकातले सांगते आहे. पुढे सातवीनंतर शाळाच सुटली आणि गाणे ओव्यांपुरते, भजनापुरते उरले. त्याची खंत मी करीत बसत नाही. पण आपल्या मंडळाचे भजनी पथक दुसऱ्या आळीत बोलावले की कित्येक जणी अजूनही घरून विचारून सांगते म्हणतात, आणि मग निरोप येतो की पाहुणे आले आहेत. तेव्हा मला हिराबाई आठवतात. त्यांच्या घरातून नकार येण्याचा प्रश्न नव्हता, कारण त्यांची आईच पाठीशी होती. ताराबाईंनी हिराबाईंना तंबोऱ्यापाशी बसवले, म्हणून हिराबाईंनी बाकीच्या साऱ्यांना बसवले.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात हिराबाईंचे निधन झाले. वय चौऱ्याऐंशी होते. बालगंधर्व ज्या वाटेने गेले ती वाट पुरुषाला लुगडे नेसवून संपली. हिराबाईंची वाट चालूच आहे. तिच्यावर आता इतकी गर्दी आहे की पहिले पाऊल कोणाचे हे विचारायलाही कोणी थांबत नाही.

आत्येसासूबाईंचा फोनो आता चालत नाही. त्याची स्प्रिंग तुटली आहे आणि वसईत ती दुरुस्त करणारे कोणी मिळत नाही. पण माझ्या मुलीने हिराबाईंचे गाणे फोनवर शोधून ठेवले आहे. येत्या गुरुवारी भजनाच्या तालमीआधी अर्धा तास ते लावायचे ठरले आहे. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी साडेतीनपर्यंत सभागृहात यावे. येताना बसायला चटई आणावी, सतरंजी लहान आहे.